पाटीला टेकलेली काठी

मित्रांनो, मी हिकरीच्या लाकडाची एक जुनी काठी. वादळात मोडलेली फांदी होते मी. एका निवृत्त पोस्टमनने माझी साल सोलली, गाठी घासल्या आणि मला जंगलवाटेच्या तोंडाशी पाटीला टेकवून ठेवलं. आमच्या पार्कची ही रीतच आहे. ज्याला लागेल त्याने काठी उचलावी, फिरून आल्यावर परत ठेवावी. पोरांनी मला तलवार केलं. एकाने तर ओढ्याकाठी विसरून अख्खा हिवाळा बर्फाखाली ठेवलं, तिथेच मला चीर गेली. तेव्हापासून लोक नाक मुरडून शेजारची काठी घेत.

मार्लिसबाईंनी मात्र मलाच उचललं. पानगळीचे दिवस होते.

"आई, मोडेल ती," त्यांची लेक ट्रीना म्हणाली.

"आम्ही दोघी जुन्याच. जमेल आमचं."

बाईंचा गुडघा वसंतात बदलला होता. त्यांनी घर विकून आपल्याजवळ फ्लॅटमध्ये यावं, असा ट्रीनाचा धोशा होता. शेवटी दोघींचं ठरलं होतं. बाईंनी कुणाच्या मदतीशिवाय या जंगलवाटेची पूर्ण फेरी मारली, तर घराचा विषय कायमचा बंद.

ओकच्या पानांखाली वाट पार बुजली होती. अशा वेळी झाडांवरच्या निळ्या खुणा बघत चालायचं असतं. पुढे चालणाऱ्या ट्रीनाला फांद्यांवर नारिंगी फिती दिसल्या.

"नवीन खुणा केल्यात वाटतं."

"नारिंगी? इथे तर निळ्याच असतात."

"चल गं आई, दर गोष्टीत तुला शंका!"

फितींमागून चढ चढून गेलो, तर झाडावरून आवाज आला, "अहो बाई, जरा हळू! माझं हरीण पळालं ना!"

वर मचाणावर नारिंगी जाकिटातला एक दाढीवाला शिकारी बसला होता. पहाटेच्या अंधारात मचाण सापडावं म्हणून त्यानेच त्या फिती बांधल्या होत्या.

"पार्कची हद्द मागेच संपली," तो म्हणाला. "सरळ खाली ओढ्याकडे उतरा, वाट मिळेल."

उतार तीव्र होता आणि पानं ओली. ट्रीनाचा चेहरा उतरला. तिने फोन काढला. "मी पार्कच्या लोकांना बोलावते."

"बोलाव की! आणि जाता जाता घरावर 'विकणे आहे' अशी पाटीही लाव."

बाई उतरू लागल्या. प्रत्येक पावलाआधी त्या मला पानांत खुपसून जमीन चाचपत, मगच भार टाकत. माझी चीर करकरली. मी जीव खाऊन तग धरला. असं धीराचं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.

निम्म्यात मागून ट्रीना घसरली आणि एका झुडपाला लटकली. बाईंनी झाडाला पाठ लावून मला तिच्यापुढे धरलं.

"धर. ओढू नकोस, नुसता आधार घे."

लेक उठली, ओढ्यापर्यंत पोचली. निळी खूण दिसताच दोघी खाली बसून हसत सुटल्या.

फेरी पुरी झाली. बाईंनी मला पाटीला टेकवलं.

"घरी ने ना हिला," ट्रीना म्हणाली.

"वेडी की काय? उद्या कुणाला तरी लागेल."

ट्रीनाने केसांतली पानं झटकली. मग हळूच म्हणाली, "पुढच्या रविवारच्या फेरीसाठी मी तुझ्याकडेच मुक्कामाला येते. तुझ्या घरून हे जंगल जवळ पडतं."

बाईंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, घेतलेली काठी जागेवर परत ठेवत जा. आणि घरातल्या वयस्क माणसांना जपा, जरूर जपा. पण त्यांना चालूही द्या.