‘मूठ कोरडी’ लिहिलेले पत्र

मित्रांनो, देवळ्याच्या रोपवाटिकेतून आलेल्या त्या पत्राला मी वेळेवर उत्तर दिले नव्हते. आजही नवे पत्र उघडताना माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मी एक जुना संगणक-प्रोग्राम आहे. नाशिकच्या हर्षालीने मला ही रोपवाटिका चालवणाऱ्या तिच्या कुसामावशीसाठी लिहिले. मावशी फोनवर नोंदी भरतात आणि जेसॉन नावाच्या मांडणीत मला पत्रे येतात. त्यांत तापमान, ओलावा अशी नावे असतात आणि प्रत्येक नावापुढे एक किंमत, म्हणजे त्या वेळचे मोजमाप. ती मी तक्त्यात भरायची, शेडमधले पंखे आणि पाणी सांभाळायचे, मग उत्तर पाठवायचे. तक्त्यात फक्त आकडेच बसत. शिस्तीचा म्हणून माझे कौतुक होई. त्याला मी कितपत पात्र होतो, कोण जाणे.

त्या दिवशी तापमानापुढे एक्केचाळीस होते. ओलाव्यापुढे मात्र शब्द होते, ‘मूठ कोरडी’. मी गोंधळलो आणि सगळे पत्रच बाजूला टाकले. पंखे बंद राहिले.

दुपारी हर्षालीला मावशींचा फोन आला.

“हर्षे, तुझा मुनीम झोपला का काय? मिरचीची रोपं माना टाकाया लागली! पंख्याचं बटनबी तूच काढून नेलं.”

“मावशी, ओलाव्यात शब्द का लिहिलेस गं?”

“मीटरची वायर उंदरानं खाल्ली. रोपांखालचं कोकोपीट मुठीत दाबलं, थेंब नाय. दिसलं ते लिवलं. आकडा काय मनानं लिवू?”

हर्षालीच्या शेजारी बसलेला तिचा सहकारी रोहित म्हणाला, “शब्द आला की शून्य धरायला सांग. विषय संपला!”

“आणि उद्या ‘मूठ ओली’ आलं तर? हा शून्य धरून पाणी सोडेल, मुळं कुजतील. मग मावशीसमोर तू उभा राहा.”

रोहितने कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. हर्षाली घाईघाईने मला बदलू लागली. आधी प्रत्येक किंमत आहे तशी हातात घ्यायची. आकडा असेल तर तक्त्यात ठेवायचा. अवतरणचिन्हांत अडकून शब्दासारखा दिसणारा आकडा सोडवून घ्यायचा. शब्द असतील तर ते न बदलता वेगळे ठेवायचे आणि माणसाला विचारायचे. एका किमतीपायी बाकीचे पत्र टाकायचे नाही.

मित्रांनो, कुणाचे सांगणे तुमच्या चौकटीत बसले नाही, तर ते फेकू नका. त्याच्या जागी शून्यही लिहू नका.

तेच पत्र मी पुन्हा उघडले. एक्केचाळीस जागेवर बसले आणि पंखे फिरले. रोपे सावरतील की नाही, मला ठाऊक नव्हते. पण उत्तर गेले: “पंखे सुरू केले आहेत. ओलावा आकड्यात कळला नाही, तुमचे शब्द वाचले. पाणी सोडू का?”