अंगठ्याखालचे ठोके

हौशीराम खंडाळ्याच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होता. पाळी कुठलीही असो, झोपायचा पडवीत, आणि घोरायचा असा की घाट चढणाऱ्या इंजिनाने मान खाली घालावी. ‘तुझी झोप मोडते’ म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानेच अंथरूण बाहेर नेलं होतं. तो परत आत यावा म्हणून मुक्ताबाईचा जीव तुटायचा. पण हे नवऱ्याला तोंडाने सांगायचं कसं?

झोपेत त्याचा श्वास मधेच अडकायचा. तिने लोणावळ्याच्या डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी सेकंदकाट्याचं घड्याळ देऊन नाडीचे ठोके मोजायला शिकवलं. घोरताना पाव मिनिट, श्वास अडकल्यावर पाव मिनिट मोजायचं आणि चौपट करून लिहायचं. मुक्ताबाई चौथी पास होती, तिला जमलं.

रात्रपाळीचा आठवडा होता. रोज दुपारी ती त्याचं मनगट धरून बसायची. खरं सांगायचं तर आकड्यांपेक्षा तिला त्या हाताचंच अप्रूप होतं. हा आठवडा सरूच नये असं वाटायचं.

आठवडा सरल्यावर दोघं लोणावळ्याला गेली. डॉक्टरांनी कागद पाहिला. घोरताना ऐंशी, श्वास अडकल्यावर एकशेवीस. अडकल्यावर नाडी बहुधा मंदावते, हे उलटंच कसं, म्हणून त्यांनी तिला हौशीरामची नाडी धरून दाखवायला सांगितलं. तिने अंगठा टेकवला. माहेरी, इंदुरीला, तिचे आबा बैलाची नाडी अंगठ्यानेच बघायचे.

डॉक्टर हसले. “बाई, अंगठ्यात आपलीच नाडी उडते. आठवडाभर तुम्ही स्वतःचेच ठोके लिहिलेत.” आता दोन बोटांनी पुन्हा मोजा, म्हणाले.

मुक्ताबाई लाजेने अर्धी झाली. हौशीरामने मात्र कागद ओढून घेतला आणि बराच वेळ वाचत राहिला.

घराच्या दारात त्याने खाली बघत विचारलं, “माझ्या घोरण्याचा एवढा तरास व्हतो तुला?”

“घोरता तवा न्हाई वो. थांबता तवा व्हतो.” मग तिने धीर केला. “भाईर लय लांब वाटता तुमी.”

पडवीतलं अंथरूण उचलून त्याने आत टाकलं आणि हात तिच्याकडे करून आडवा झाला. तिने दोन बोटं टेकवली.

घोरणं सुरू झालं, मग थांबलं. बोटांखालचे ठोके खरोखरच मंद होत गेले. तिला मोजवेना. घड्याळ टाकून तिने त्याला गदागदा हलवलं.

श्वास सुटला. डोळे न उघडताच तो म्हणाला, “हाय मी. हितंच हाय.”