उकंडरावांच्या सोबतीची जागा

आपली माणसं कुठे बसली आहेत हे जमीन कधीच विसरत नाही. यावर हरीओम गिरीचा पूर्ण विश्वास होता. तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाचा नव्हता. "सर्व्हे नंबर त्रेसष्ट एकत्रीकरणात गेला, महाराज. आता गट नंबर सांगा," तो म्हणाला. गट नंबर विचारायलाच तर हरीओम मंगरूळपीरला तिसऱ्यांदा आला होता.

गिरींच्या घरात माणूस जाळत नाहीत, बसवतात. गोसाव्याला भस्म लावून, मांडी घालून खड्ड्यात बसवायचं आणि भोवती गळ्यापर्यंत मीठ भरायचं. हरीओमचे आजोबा उकंडराव एक्याण्णव वर्षांचे होते, महिनाभर खाटेवर होते आणि त्यांचं एकच म्हणणं होतं: "मले बापाच्या बाजूले बसवजा. एकट्याले बसवू नका." बाप जुन्या शेतातल्या समाध्यांत बसला होता. ते शेत विकून सत्तर वर्षं झाली होती. समाध्यांना ना चौथरा होता ना दगड. शेताबरोबर त्याही विकल्या गेल्या.

ही विनंती नाही, हे घरातले सगळे जाणून होते. उकंडरावांचे चुलते भिवाजी अनसिंग गावाकडे एकटेच बसवले गेले, आणि आठ महिन्यांत त्यांचा लाडका नातू विहिरीत पडला. विहीर कोरडी होती, पण बोलावणं ते बोलावणं.

उकंडरावांचा लाडका नातू हरीओम होता.

"आबाले एकट्यानं चहा सुदा जात नाई," भाकरी थापता थापता कस्तुराआत्या म्हणाली. ती उकंडरावांची थोरली लेक. "कप हातात घेतला का पह्यले विचारते, हरी कुठी गेला? तिथं गेल्यावर का सवय सुटनार हाये?"

"आत्या, तू कोनाच्या बाजूची हायेस?"

"मी आपली सांगून राह्यली."

त्याच संध्याकाळी बायकोनं, वर्षाराणीनं, विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते सहज विचारलं. सहज म्हणून दोनदा विचारलं.

हरीओम बी.एस्सी. ॲग्री होता. शेलूबाजारात त्याचं कृषी केंद्र होतं आणि शास्त्रावर श्रद्धा होती. अखेर त्यानं जुन्या गावनकाशाची नक्कल मिळवली. त्रेसष्टात, नाल्याच्या वळणाशी, एक बारीक चौकोन काढलेला होता. चौकोन म्हणजे काय, हे दुसऱ्या पानावरच्या खुणांच्या तक्त्यात असतं. त्यानं अर्ज एकाच पानाचा केला होता. तेव्हा चौकोन म्हणजे समाध्या, हे त्यानं स्वतःच्या अधिकारात ठरवलं. मग नकाशाचा फोटो मोबाइलमध्ये उपग्रहाच्या चित्रावर ठेवला. नाला जुळेना. खोलीकरणात तो सरळ झाला होता. हरीओमनं नकाशा थोडा फिरवला, थोडा ताणला, आणि चौकोन भाऊसिंग राठोडच्या वावरात जाऊन टेकला तेव्हा बोट उचललं.

भाऊसिंग तांड्यावरचा, नुकताच ऊसतोडीवरून परतलेला. मार्चातली दुपार होती. हरभरा निघून गेलेला, काळ्या रानाला भेगा पडलेल्या. मोबाइलमधला निळा ठिपका चौकोनात शिरला आणि हरीओमनं मान वर केली. वावराच्या मधोमध दोन खाटांएवढा तुकडा बिननांगरलेला होता. धसकट नाही, गवताची काडी नाही.

"हे काहून सोडलं, भाऊसिंग?"

"तिथं फाळ तुटते, महाराज. माहा तुटला, माह्या बापाचा बी तुटला होता."

"पेरून पाह्यलं?"

"सोयाबीन पेरलं त पिवळं पडते. आजूबाजूचं हिरवंगार, अन् इथल्याले जशी कावीळ."

भाऊसिंगची बायको गोमतीबाई बांधावरून खाली उतरली नव्हती. "बकऱ्या बी तिकडं जात नाईत," ती तिथूनच म्हणाली.

"गवतच नाई त कायले जातीन?" भाऊसिंग म्हणाला. पण पाय त्यानंही तुकड्याच्या बाहेरच ठेवले होते.

वारा पडला. अशा वेळी टिटवी ओरडायला हवी होती. तीही ओरडली नाही. हरीओमनं चपला काढून हात जोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव गेले. चहा अर्धा राहिला होता. भाऊसिंगनं अडवलं नाही. "बसवा, महाराज. जागा पडूनच हाये. फक्त हे लोकं आपसात बोलत त नाईत ना? आमचं खोपट जवळ हाये."

"बोलले तरी घरच्याईशीच बोलतीन," हरीओम म्हणाला, आणि हे आपण कशाला बोललो असं त्याला झालं.

तीन फुटांवर कुदळ पांढऱ्यात गेली. खणणारे थांबले. काळ्या मातीखाली पांढराशुभ्र थर, खडे खडे, सत्तर वर्षांनीही जसाच्या तसा. "मीठ," कोणीतरी हळूच म्हणालं. पणजोबांचं मीठ. जिभेवर ठेवून कोणी पाहिलं नाही. पूर्वजांना चाखायची आपल्याकडे पद्धत नाही. हाडं दिसली नाहीत. ती शेजारी असतील, असं ठरलं. कस्तुराआत्यानं हरीओमच्या तोंडावरून हात उतरवून कानशिलाशी बोटं मोडली. "वाचलं माय माहं लेकरू." त्या पांढऱ्यात उकंडरावांना बसवलं, वर दोन पोती नवं मीठ घातलं, आणि घरी आल्यावर वर्षाराणीनं विम्याचे कागद परत कपाटात ठेवले.

हरीओम एकटा चहा प्यायला लागला. विहिरीजवळून जाताना आधाराला काठ चाचपायचा, तेही सोडलं. दोन महिने बरे गेले.

पेरणीच्या तोंडावर भाऊसिंग कृषी केंद्रात आला. हातात छापील कागद. मागच्या वर्षी त्याच तुकड्यातली माती तपासायला दिली होती, तिची पत्रिका आता आली होती. "वाचून सांगा, महाराज. सोयाबीन काहून पिवळं पडते?"

हरीओमनं वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. क्षार: नगण्य. मुक्त चुनखडी: अठरा टक्के. लोह: कमी.

"चुनखडी हाये," तो म्हणाला. "खाली पांढरा थर हाये ना, तो चुनखडीचा. त्यानंच पिवळं पडते. फाळ बी त्याच्याच खड्यानं तुटते."

"अन् मीठ?"

"मीठ नाई."

"मंग तुमचे पनजोबा कुठी हायेत?"

हरीओमनं कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला खतांच्या मात्रा छापल्या होत्या.