सरकलेला चारमिनार

रेणुकाबाईंनी रुमालाची गाठ सोडून रुपया काउंटरवर ठेवला आणि जावेदचे डोळे लकाकले. निजामाच्या काळातला चांदीचा रुपया, पण त्यावरचा चारमिनार पार कडेला सरकलेला, दोन मिनार तर नाण्याबाहेरच गेलेले. टाकसाळीत ठशाखाली चकती नीट बसली नव्हती, त्याची ही करामत. उरलेल्या कोऱ्या चंद्रकोरीवर कानशीनं घासल्याची एक रेघही नव्हती, म्हणजे चूक अस्सल. नांदेडमध्ये जुन्या नाण्यांचं दुकान थाटून जावेदचे केस पिकायला आले होते, पण असा माल त्याच्या हाती कधी लागला नव्हता.

"आमचे मालक जाईपर्यंत म्हणायचे, ही टाकसाळीचीच चूक हाय, लई मोलाची. समदे हसायचे त्यांना," रेणुकाबाई म्हणाल्या. "विकायचं अजून ठरलं न्हाई. पण खरं काय ते कळू द्या. लातूरला लेथचं दुकान व्हतं त्यांचं."

जावेदला आयतंच सापडलं. त्यानं उगीच भिंग लावून नाणं उलटसुलट केलं.

"मग झालं की, ताई! लेथवरच घासलंय, वरून ठोकलंय. खराब माल हाय हा. चांदीचे तेवढे देतो."

त्याचा डाव सरळ होता. बाई हिरमुसतील आणि मिळेल त्या भावात देऊन जातील. त्या हिरमुसल्या खऱ्या, पण रुपया त्यांनी पुन्हा रुमालात बांधला.

"म्हणजे जन्मभर थापाच मारल्या म्हणा की," एवढंच बोलून त्या पायऱ्या उतरल्या. जावेद हाक मारणार होता. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत स्वतःला खोटं कसं पाडणार?

हाती काही लागलं नाही, आणि मेलेल्या माणसाला फुकटात खोटारडा मात्र ठरवून बसलो, हे त्याला जेवताना आठवायचं, नमाजाला उभं राहिलं की आठवायचं. बायकोला, मलिकाला, सांगितलं तर ती म्हणाली, "अल्लाहची माफी नंतर मागा, आधी त्या बाईची मागा." तरी वर्ष तसंच गेलं. हैदराबादच्या एका शौकिनानं असाच रुपया मागितला, तेव्हा कुठे हा लातूरच्या गाडीत बसला. पश्चात्ताप निम्मा आणि धंदा निम्मा, खोटं कशाला बोला!

लातुरात चार लेथवाल्यांकडे चौकशी करत तो बाईंच्या घरी पोचला. रेणुकाबाई ओट्यावर नातीला खेळवत होत्या. पोरीच्या गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात तोच रुपया. कोऱ्या चंद्रकोरीत आरपार भोक.

"तुमीच म्हणलात ना खराब माल," रेणुकाबाई हसत म्हणाल्या. "म्हणलं, आजोबाची थाप नातीच्या गळ्यात तरी राहू दे. त्यांच्याच लेथवर पाडून आणलं भोक."

जावेद ओट्यावर टेकला. आत्ता गप्प राहिला असता तर कुणालाच कळलं नसतं. रुपया आता खरंच खराब माल झाला होता. त्याचं खोटं त्याच्याआधी इथं येऊन खरं झालं होतं.

"ताई, मालक खरं बोलत व्हते," तो म्हणाला. "थाप मी मारली. स्वस्तात मिळावा म्हणून."

नातीला थोपटणारा रेणुकाबाईंचा हात थांबला.

"आन आता?"

"आता भोक पडलं. चांदीच्या वर कुणी देणार न्हाई. पण मी देतो, पुरी किंमत देतो. हप्त्या-हप्त्यानं देतो."

"किंमत राहू द्या," रेणुकाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडून आले त्या दिवशी फोटोम्होरं उभी राहून लई बोलले त्यांना. नको नको ते बोलले. आमची लेक ऐकत व्हती." त्यांनी आत वळून हाक मारली, "धम्मप्रिया! भाईर ये. ह्यांना तुझ्या बापाचं काय तरी सांगायचंय."

धम्मप्रिया हात पुसत दारात आली. तिच्या मागे, आतल्या भिंतीवर, हार घातलेला फोटो दिसत होता. जावेद उठून उभा राहिला आणि खालच्या मानेनं पुटपुटायला लागला.

"मोठ्यानं सांगा," रेणुकाबाई फोटोकडे बघत म्हणाल्या. "तितपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."