तीन बोटांच्या रेघा

फाल्गुन सरत आला होता. तेरणेचं पाणी आटून तळाशी गेलेलं, काठावरचे पळस रक्तकेशरी पेटलेले, आणि त्या तप्तसुवर्ण उन्हात पुराने आणून टाकलेली मळईची माती पसरलेली, कृष्णवर्ण, स्निग्ध, मूक. याच मातीच्या विटा निवृत्ती कुंभाराच्या कैक पिढ्यांनी थापल्या. अर्धं गाव त्यांच्याच विटांवर उभं आहे.

किती युगं पाहिली या मातीने! आधी ती नुसतीच उन्हात वाळली. मग कुणीतरी तिला अग्नीच्या स्वाधीन केलं आणि ती ताम्रवर्ण, वज्रकठोर होऊन उठली. कधी पाटाएवढी रुंद झाली, कधी भाकरीसारखी चपटी, कधी हल्लीसारखी आखूड, जाड. राजे आले, राजे गेले. वीट मात्र कुणाच्या तरी तळहाताखालीच जन्मत राहिली.

निवृत्तीची बायको केवळाबाई. तिच्या माहेरची एक रीत होती. साचा पालथा घालून उचलला, की ओल्या विटेवरून डाव्या हाताची तीन बोटं ओढायची. तीन रेघा, सरळ, सडपातळ, समांतर. रेघांत चुना घट्ट धरतो, असं तिची आई सांगायची. पंचवीस वर्षं केवळाबाईने रेघा ओढल्या. भट्टी पेटवायच्या पूजेलाही तिचीच पहिलीवहिली, जपून ठेवलेली वीट असायची, हळदकुंकवाने माखलेली.

मग गिऱ्हाइकांना नावाच्या विटा हव्याशा झाल्या. निवृत्तीने साच्याच्या तळफळीवर आपलं नाव कोरून आणलं.

"आता रेघा बंद. नाव बुजतंय त्येनं."

"अवं, पन माज्या रेघा कुनाला नडल्या?"

"सांगितलं तेवढं ऐक."

केवळाबाईने ऐकलं. तरी ओल्या विटेवर तिचा हात सवयीने जायचा आणि अधांतरी थांबायचा. निवृत्तीला ते दिसत होतं. तरीही एक दिवस पूजेची ती जुनी वीट त्याने ट्रॅक्टर घरंगळू नये म्हणून चाकाखाली उटीसारखी सारली. तिचा चुरा झाला.

केवळाबाईला जाऊन आता तीन वर्षं झाली. फोटो आहे एक; त्यात तिचे हात पदराखाली आहेत. तिच्या हाताची एखादी तरी वीट मिळावी म्हणून निवृत्ती गावभर भिंती न्याहाळत हिंडला. सगळीकडे गिलावा, गिलाव्यावर रंग. म्हाताऱ्याच्या हौसेसाठी भिंत कोण फोडू देणार?

त्या फाल्गुनात गावाबाहेर, जुन्या उजाड वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावर उत्खनन चाललं होतं. विटांतला जाणता म्हणून निवृत्तीला बोलावणं आलं. खड्ड्यातून एक वीट वर आली, पाटाएवढी, अरुणवर्ण, दोन हजार वर्षांची. कुंचल्याने माती सरली आणि विटेवर रेघा उघडल्या. तीन. सरळ, सडपातळ, समांतर.

"बाईची बोटं हायत ही," निवृत्ती म्हणाला.

खोदकामावरची तरुण संशोधक हसली. "असतील, काका. पण तिचं नाव कसं कळणार?"

निवृत्तीने त्या रेघांत आपली बोटं ठेवली. ती मावली नाहीत. कोण कुठली ती बाई, तिचा हात दोन हजार वर्षं राहिला. आणि जिच्याशी संसार केला, तिचा हात त्याने स्वतःच पुसला होता. निवृत्तीला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही.

परत येऊन त्याने नदीकाठी भट्टीपाशी माती कालवली. साच्याची नावाची फळी काढून बाजूला टाकली. एकच वीट थापली आणि डाव्या हाताची तीन बोटं तिच्यावरून ओढली. रेघा उमटल्या, जाड, रुंद, त्याच्याच. त्याने त्या पाण्याच्या हाताने पुसल्या. पुन्हा ओढल्या. पुन्हा पुसल्या. ऊन कलत गेलं, माती आवळत गेली, आणि अखेर बोट रुतेनासं झालं.

तेरणेच्या काठी, पेटलेल्या पळसाखाली, एक वीट वाळत राहिली. ना नावाची, ना रेघांची, कोरी.