शांघायचा बेत

"तो वाकडातिकडा पूल मी सोडणार नाही, आधीच सांगून ठेवते," काकूंनी फोन नाकासमोर धरत बजावलं. "एवढ्या लांब जायचं आणि पूल काठावरून बघायचा? मग घरीच बसलेलं काय वाईट?"

"अगं, तिथे गर्दी फार असते. उन्हाळ्यात तर पाय ठेवायला जागा नसते म्हणे," काका म्हणाले.

"म्हणे! कोण म्हणे? तुम्हीच म्हणे."

शांघायच्या त्या जुन्या बागेपाशी तळ्यावरचा पूल दर चार पावलांवर वळतो, हे काकांनी दुपारी दुकानात बसून फोनवर पाहिलं होतं. घरातल्या घरात जिचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो, ती त्या पुलावर कशी चालणार? पण हे बोलायला जावं तर मागचं सगळंच बाहेर निघालं असतं, म्हणून त्यांनी बिचाऱ्या गर्दीवर ढकललं.

बाजाराच्या कोपऱ्यावर काकांचं चष्म्याचं दुकान. सगळा रस्ता त्यांना काका म्हणायचा आणि ओघानेच त्यांच्या बायकोला काकू. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की काकांना पोट आत घ्यावं लागे. पण माणूस कामाचा पक्का. फ्रेम कानामागे टोचते म्हणून कुणी आलं, तर ती गरम करून, वाकवून, नाकावर चारदा बसवून बघितल्याशिवाय सोडायचे नाहीत. आणि गिऱ्हाईक चाळिशीपुढचं असलं, की चष्म्याआधी त्याला एक भाषण मिळायचंच. "आधी डॉक्टरांकडे जाऊन डोळ्यांचा दाब तपासून या. मी फक्त नंबर काढतो. काचबिंदू आला तर माझ्या पेटीत त्याला भिंग नाही." पुष्कळांना याचा राग यायचा. एक गृहस्थ तर दुसरीकडून चष्मा करून आले आणि मुद्दाम काकांच्या दारावरून दोनदा मिरवत गेले. काका बधले नाहीत.

आणि स्वतःची बायको? तिला कशाला डॉक्टरांच्या दारात रांगेत बसवायचं! तिने "जरा अंधुक वाटतंय हो" म्हणायचा अवकाश, काका भिंगांची पेटी घरी घेऊन यायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी तिला बसवायचं, तपासायची जाडजूड फ्रेम तिच्या नाकावर चढवायची आणि सुरू. "हे बरं की ते?" "ते." "आणि आता?" "आता झकास." दोन दिवसांत नवा चष्मा हजर, तिला आवडेल त्या रंगाचा. काकूंना तर याचा कोण अभिमान. अक्षरं त्यांना शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचता यायची. काचबिंदू नजर कडेकडेने खात येतो आणि मधलं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, हे गिऱ्हाइकांना घोकून घोकून सांगणाऱ्या माणसाच्या घरात हे कधी डोक्यातच आलं नाही.

काकू मात्र धडपडायच्या. पाण्याचा पेला लवंडायचा, खुर्चीचा पाय पायात यायचा, पायरी चुकायची. काका म्हणायचे, "हिच्या हातात काचेचं भांडं दिलं की भांड्यालाच घाम फुटतो!" हा त्यांचा ठरलेला विनोद. मुलीच्या नव्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंच्या हातातला कपांचा ट्रे दारावर आदळून खळ्ळकन फुटला. तेव्हाही काकांनी हाच विनोद केला. मुलीच्या सासूपासून सगळे खदखदून हसले, काकूही हसल्या. पण त्यानंतर परक्या घरात त्यांनी कधी ट्रे उचलला नाही.

मग एके दिवशी कडेने आलेला सायकलवाला काकूंना दिसलाच नाही आणि दोघंही रस्त्यावर पडली. मुलीने कुणाचं काही न ऐकता आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्रात समोर बघत राहायचं आणि कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं. काका दारात उभे होते. दिवे चमकत होते आणि काकू हातातलं बटण दाबतच नव्हत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अहो, मशीन चालू केलंय ना?"

गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने राखता येते, काचबिंदू पुष्कळ वर्षांचा आहे, असं डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. काकूंचा चेहरा मात्र खुलला.

"म्हणजे मी धांदरट नव्हते तर!" त्या मुलीकडे वळून म्हणाल्या. "ऐकलंस? मला दिसतच नव्हतं!"

"याआधी दाब कधी तपासला होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! माझे डोळे पहिल्यापासून यांच्याच हातात," काकू कौतुकाने म्हणाल्या. "यांचं चष्म्याचं दुकान आहे ना."

डॉक्टरीणबाईंनी काकांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून औषध लिहायला घेतलं. त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात काकांनी जाहीर केलं, "या उन्हाळ्यात शांघाय!"

दुकानात शांघायचं एक जुनं चित्र होतं, फ्रेमा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने दिलेलं. नदी, पलीकडे उंचच उंच इमारती आणि पाण्यात सांडलेले त्यांचे दिवे. काकू ते पुसताना दर वेळी म्हणायच्या, "एकदा बघायला हवं हो," आणि काका दर वेळी पुढच्या उन्हाळ्याचा वायदा करायचे. आता वायदा पुरा करायला निघाले, तर काकूंनी ओळखीपाळखीत डंका पिटला. "ह्यांना अचानक काय सुचलंय बघा!" मुलीला फोन करून म्हणाल्या, "तुझे बाबा माझ्यासाठी फार करतात गं." हे कानावर पडलं की काकांना वाटायचं, त्यापेक्षा हिने उठून दोन थोबाडीत द्याव्यात.

बेत त्यांनी मोठ्या मेहनतीने आखला. जवळचं तिच्या नजरेत मावत नाही, लांबचं मावतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. हल्ली ते चित्र पुरतं बघायला काकू दुकानाच्या दारापर्यंत मागे जायच्या. म्हणून त्यांनी सगळं लांबून बघायचं निवडलं. नदीचा काठ, उंच गच्ची, संध्याकाळची बोट. गल्ल्या, बाजार, पूल काहीबाही कारणं काढून वगळले. एकदा तरी तिच्यापुढे बसून सांगायला हवं, हे त्यांना रोज वाटायचं. विमानात बसायच्या आधी सांगायला हवं. ती तिथे नदीकाठी उभी राहून आपले आभार मानेल, आणि ते आपल्याला सोसणार नाही. पण तोंड उघडलं की निघायचं भलतंच. "तिथे छत्र्या लागतील का गं?"

"शनिवारी बाजारात चालायची तालीम करू," काकूंनीच एक दिवस फर्मान काढलं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, मान वळवत चालायचं. तिथे जाऊन शिकत बसू का? आणि मला धरायचं नाही."

शनिवारी बाजार तुडुंब भरलेला. काकू मान उजवीकडे, डावीकडे वळवत ऐटीत चालल्या होत्या. काका जीव मुठीत धरून एक पाऊल मागे. भाजीच्या कोपऱ्यावर डावीकडून एक माणूस टोमॅटोचं खोकं घेऊन आला. काकूंची मान नेमकी उजवीकडे होती. खोकं पडलं, टोमॅटो रस्ताभर झाले.

"डोळे फुटले का बाई? एवढा माणूस दिसत नाही?"

"चुकलं हो माझं," काकू खाली वाकून टोमॅटो चाचपत म्हणाल्या. आणि हसून पुढे म्हणाल्या, "मी आहेच जरा धांदरट."

त्यांना आता खरं माहीत होतं. तरी त्या तसं म्हणाल्या, कारण इतक्या वर्षांत तेच म्हणायची सवय लागली होती. ही सवय कुणी लावली ते काकांना ठाऊक होतं.

"नाही!" काका ओरडले. त्या मऊ माणसाचा एवढा आवाज बाजाराने कधी ऐकला नव्हता. "धांदरट नाहीये ती. तिला कडेचं दिसत नाही. मी चष्मेवाला आहे. दुनियेला डॉक्टरांकडे पाठवतो आणि हिला एकदाही पाठवलं नाही. घरी बसवून भिंगं बदलत राहिलो. वेळेवर नेलं असतं तर हिची नजर वाचली असती. मला काय बोलायचं ते बोला."

खोकेवाल्याने खोकं सरळ केलं. "राहू द्या काका," तो पुटपुटला, "टोमॅटोच आहेत."

काकू वाकलेल्याच होत्या. हातातला टोमॅटो त्यांनी खोक्यात ठेवला, मग दुसरा ठेवला. सगळे वेचून झाल्यावर उठल्या आणि घराकडे चालू लागल्या. त्या दिवशी त्या काकांशी एक शब्द बोलल्या नाहीत. रोज काका घालून द्यायचे ते डोळ्यांतले औषधाचे थेंबही त्यांनी स्वतःच घातले, अर्धे गालावर सांडत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी चहा केला आणि ते काकूंच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

"वेळेवर नेलं असतंत तर?" काकूंनी समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं.

"पुष्कळसं राहिलं असतं."

"हं." काकूंनी कप उचलला. "डोळ्यांचं एक वेळ राहू दे. चूक होते माणसाची. पण तुम्ही हसायचात. लोकांना हसवायचात. मला रात्रंदिवस वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे."

"हो," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "शांघाय रद्द करू का?"

"का म्हणून? मला बघायचंय ते. राहिलंय तेवढ्यात बघायचंय." काकूंनी कप खाली ठेवला. "आणि पुलावरही जायचं. तिथे माझा हात धरा, चालेल. बोटीत कसं बसणार आहोत आपण?"

"खिडकीशी. शेजारी शेजारी."

"शेजारी नको. समोर बसा," काकू म्हणाल्या. "शेजारी बसलात की तुम्ही मला दिसतच नाही."

काका उठले आणि टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले. काकूंनी चष्मा नीट केला आणि त्यांच्याकडे बघू लागल्या. नजर खाली घ्यावी असं काकांना फार वाटलं, पण त्यांनी ती घेतली नाही.