तेबोराचं अपील

तेबोराचं अपील फेटाळल्याचा ईमेल सकाळी आला, आणि तो तिला समजावून सांगायचं काम कस्तुरीचंच होतं. लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये इमिग्रेशन वकील म्हणून तिला अकरा वर्षं झाली होती, तरी आज तिची जीभ रेटेना.

तेबोरा किरिबाटीची. पॅसिफिकमधलं तिचं बेट इतकं अरुंद, की रस्त्यावर उभं राहिलं तर दोन्ही बाजूंना समुद्र दिसायचा. चढत्या समुद्रामुळे घरच्या विहिरीचं पाणी खारं झालं होतं. तेच पिऊन तिच्या बहिणीचं तान्हं मूल जुलाबांनी गेलं. इथे ती एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांचं सगळं करायची. ते होम बंद पडलं आणि पाठोपाठ व्हिसाही संपला. आता पाच महिन्यांच्या लेकीला, मारियाला घेऊन परत जा, असा हुकूम झाला होता.

"जज म्हणतात, तिथे जिवाला धोका आहे, पण तो अजून पुरेसा जवळ आलेला नाही," कस्तुरीने सांगितलं.

"किती जवळ यायला हवा?"

तेबोराने झोपलेल्या मारियाला ऑफिसातल्या सोफ्यावर ठेवलं आणि टॉयलेटला जाऊन येते म्हणाली.

पंधरा मिनिटांनी रिसेप्शनवरची मंजिरी धावत आली. "अगं कस्तुरी, ती बाहेर गेली, स्टेशनकडे! मला वाटलं, फोन करायला गेली असेल."

सोफ्यावर मारियाच्या लसींचं लाल पुस्तक होतं आणि त्यात चिठ्ठी: 'हिला इथलं पाणी पिऊ द्या.'

"पोलिसांना कळवायला हवं गं. सोशल सर्व्हिसेसना पण," मंजिरी म्हणाली.

"दहा मिनिटं दे मला." मारियाला उचलून कस्तुरी स्टेशनकडे पळत सुटली. कोट घालायचंही तिला भान राहिलं नाही.

तेबोरा स्टेशनबाहेरच्या बाकावर होती. ट्रेनमध्ये चढणं तिला जमलं नव्हतं. मारिया आता टाहो फोडत होती, आणि तेबोराचा टॉप दुधाने भिजला होता.

"नका देऊ तिला माझ्याकडे. एकदा घेतलं की पुन्हा सोडवणार नाही मला."

कस्तुरीने मूल तिच्या मांडीवर ठेवलं. तेबोरा पोरीला छातीशी कवटाळून हुंदके देत राहिली.

"वरच्या कोर्टात अर्ज करायला चौदा दिवस आहेत," कस्तुरी म्हणाली.

"जिंकू आपण?"

कस्तुरीला खोटं बोलवेना. "बहुतेक नाही."

"तरी लिहा," तेबोरा म्हणाली. "हिचं नाव आधी लिहा."